‘सगळं आलंय’ म्हणणारा लॅपटॉप

मित्रांनो, माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेलीत, झाकणाची बिजागरी चिकटपट्टीनं बांधलीये आणि चार्जर काढला की दहाव्या मिनिटाला मी डोळे मिटतो. तरी मला भंगार म्हणू नका हं, राग येतो मला! छावणीच्या बाजारात सरदार चाचांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, तिथला मी म्हातारा लॅपटॉप. आयुष्यात मी एकच मोठं खोटं बोललो. ते खोटं कसं दुरुस्त झालं, ते आज तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म कुठला, ते पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. ती कधीच गळून पडली. मला आठवतं ते वाळूजच्या एका कारखान्यातलं टेबल. पहिल्या पाळीचे लोक तेलकट बोटांनीच मला उघडायचे आणि तयार मालाची मापं माझ्यात भरायचे. “लई दमदार हाय गड्या ह्यो!” असं म्हणत त्यांतले गोकुळदादा माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मी फुगून जायचो. पुढं नवे लॅपटॉप आले. मला कपाटात टाकलं, वर जुन्या फायली रचल्या. दोन वर्षं! कौतुकाची सवय लागलेल्याला अशी दोन वर्षं काढणं सोपं नसतं, बाबांनो.

मग जुन्या सामानाच्या ढिगातून सरदार चाचांनी मला उचललं. त्यांची लेक आफरीन तेव्हा कॉम्प्युटर शिकत होती. चाचांनी मला बारीक ब्रशनं साफ केलं आणि घरघरणाऱ्या पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. ती माया मी अजून विसरलो नाही.

आफरीन माझ्यावरच शिकली आणि पुढं प्रणय या मित्राबरोबर प्रोग्राम लिहू लागली. प्रणय चितेगावचा. ही इथं, तो तिथं, मग काम एकत्र कसं करायचं? तर सगळं काम दूरच्या एका सर्व्हरवर ठेवलेलं असायचं. झाडाला खोड असतं तसा कामाचा एक मुख्य भाग. कुणाला काही नवं करून बघायचं असलं, की त्यानं खोडाला धक्का न लावता आपली वेगळी फांदी काढायची. तिला ही मंडळी ब्रँच म्हणतात. सर्व्हरवरच्या ब्रँच आपल्याकडं आणायला आफरीननं स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, प्रणयही तोच वापरायचा. सर्व्हरमध्ये डोकवायची आमची तेवढी एकच खिडकी. ती “आण” म्हणायची, मी आणायचो. मी पडलो सांगकाम्या!

गेल्या वर्षी प्रणयच्या आईच्या, कडूबाईंच्या, घशाचं मोठं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. प्रणयनं त्याआधी दोन दुपारी आईला आपल्या लॅपटॉपपुढं बसवलं आणि तिच्या रोजच्या बोलण्यातली दोनशे वाक्यं भरून घेतली. मोबाइलवर चित्र दाबलं की आईचं वाक्य आईच्याच आवाजात ऐकू यावं, असा प्रोग्राम दोघांनी करायला घेतला होता. ते आवाज प्रणयनं ‘आई’ नावाची ब्रँच काढून सर्व्हरवर पाठवले. पुढं ऑपरेशन झालं, आईचा आवाज गेला, आणि दवाखान्याच्या धावपळीत प्रणयची बॅग बसमध्ये राहिली, ती लॅपटॉपसकट गेली.

“लॅपटॉप गेला तर जाऊ दे, सर्व्हरवर सगळं आहे,” असं म्हणत एका गुरुवारी तो आईला घेऊन आमच्या दुकानात आला. घाईला कारण होतं. तो सर्व्हर शनिवारी कायमचा बंद होणार होता.

आफरीननं ‘सगळ्या ब्रँच आण’ हे बटण दाबलं. मी क्षणात उत्तर दिलं, “सगळं आलंय. नवीन काही नाही.” उचलली जीभ लावली टाळ्याला! ‘आई’ ब्रँच कुठंच नव्हती.

आफरीननं नेट बदललं, मला बंद करून परत चालू केलं, पुन्हा पुन्हा विचारलं. मी आपलं तेच पालुपद लावलं. प्रणयचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे मी पाठवलंच नाय,” तो म्हणाला. “दवाखान्याच्या गडबडीत राहून गेलं. आफरीन, आईचा आवाज मीच घालवला गं.”

कडूबाई स्टुलावर बसल्या होत्या, गळ्याला रुमाल. त्यांनी लेकाच्या गुडघ्यावर थोपटलं, असू दे म्हणून. आफरीननं त्यांना मोबाइलमधला तयार आवाज ऐकवला. कुणी अनोळखी बाई गोड गोड बोलली, “कृपया जेवण करून घ्या.” कडूबाईंनी मान हलवली आणि मोबाइल पालथा घातला. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

चाचा एका मशीनच्या सुईत दोरा ओवत होते. त्यांची एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं, की स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ते विचारतात, याला शेवटचं कुणी उघडलं होतं? निम्मे बिघाड मागच्या दुरुस्तीतच सापडतात म्हणे. आत्ताही मान वर न करता ते म्हणाले, “बेटा, मशीनकू दोष नक्को दे. उसमें आखिर में हाथ किसने डाला, वो पूछ पैले.”

“मीच, अब्बा,” आफरीन म्हणाली. मग तिनं आपल्याच प्रोग्रामच्या जुन्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांपूर्वीची एक ओळ निघाली. तेव्हा चितेगावला नेट कसंबसं यायचं, प्रणयचा डेटा दुपारीच संपायचा. मित्राची अडचण नको म्हणून हिनं प्रोग्रामला बजावलं होतं, फक्त मुख्य भाग आण, बाकीचं बघूसुद्धा नकोस. पुढं ‘सगळ्या ब्रँच आण’ हे बटण केलं, पण ती जुनी आज्ञा काढायची राहिली. तोवर दोघांचं काम खोडावरच चालायचं, म्हणून चूक कळलीही नाही. मी बिचारा ‘सगळ्या’ म्हटलं तरी खोडाकडंच बघायचो, आणि खोड तर आलेलंच असायचं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

“प्रणय, तू पाठवलं असशील रे,” आफरीन म्हणाली. “मीच याला बघू दिलं नाही.”

तिनं ती आज्ञा पुसली. आधी सर्व्हरला सगळ्या ब्रँचची नावं विचार आणि मग एकेक आण, असं नव्यानं लिहिलं. बटण दाबलं. नावं येऊ लागली... आणि त्यांत ‘आई’! “आली, आली!” प्रणय ओरडला. मी जीव खाऊन दोनशे आवाज ओढू लागलो, तेवढ्यात माझी चार्जरची पिन सैल झाली. मेलो, म्हटलं! पण चाचांनी दोन बोटांनी ती दाबून धरली आणि शेवटचा आवाज येईपर्यंत हात हलवला नाही.

आफरीननं पहिला आवाज लावला. “चालू झालं का रे? काय बोलू मी आता? लई हसू येऊ राह्यलं बाई मला!” आणि पुढं हसणंच हसणं, खळाळून. स्टुलावर बसलेल्या कडूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, आवाज न करता, अगदी त्याच हसण्यावर. प्रणय लहान पोरासारखा रडला.

आठवड्याभरात प्रोग्राम पुरा झाला. कडूबाईंनी पहिलं चित्र दाबलं ते ताटाचं. “जेवला का?” मोबाइल म्हणाला. “नाय आई,” प्रणय म्हणाला, “वाढ.”

आता आफरीनकडं नवा लॅपटॉप आहे. मी दुकानाच्या फळीवर बसून चाचांची गिऱ्हाइकं बघत असतो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांवरची धूळ अधूनमधून पुसा. मायेपोटी एखादी वाट बंद केलीत, तर ती पुन्हा उघडायचं लक्षात ठेवा. आणि कुणी ‘नाही’ म्हटलं, तर हातपाय गाळण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, तू बघितलंस तरी कुठं?

काल कडूबाई दुकानात आल्या होत्या. मी दिवसभर चालू राहून तापलो होतो. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला, मग मोबाइल काढून एक चित्र शोधलं आणि दाबलं. “दमला असशील,” त्यांचा आवाज मला म्हणाला, “बस जरा.”