कापलेले खोकले

मी परळमधल्या एका डबिंग स्टुडिओतला माईक. बोलतोय खरा, पण धीर करून. आयुष्यभर मी ऐकत आलो. बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. शिवाय जे ऐकलं ते मला बरोबर कळलं का, याचीही पुरती खात्री नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तिथलं काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती रुपालीताईंनी मला खोक्यातून काढून टांगलं तिथून. त्या स्टुडिओच्या मालकीण. जागा म्हणजे एका बंद गिरणीचं सुताचं गोदाम. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक छोटी खोली बांधून घेतली, तिला सगळे बूथ म्हणतात. भिंतींना काळा स्पंज, दाराला रबराची पट्टी, समोर जाड काच, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा हितेंद्र. दार लागलं की बाहेरचं परळ नाहीसं होतं. नव्या माणसाला आत स्वतःची छाती धडधडताना ऐकू येते. बरेच जण घाबरून हसतात.

त्या खोलीत मी पुष्कळ शिकलो. कायद्याची व्याख्यानं, शरीरशास्त्राचे धडे, जाडजूड ग्रंथांची वाचनं. एका अर्थी मी उच्चशिक्षित आहे. त्याचा कोणाला काय उपयोग झाला, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. टेक, म्हणजे एकेक रेकॉर्डिंग, चालू असताना एसी बंद, हवा बाहेर ओढणारा पंखाही बंद. कारण त्यांची घरघर मला ऐकू येते. टेक संपला की पंखा लावायचा असं ठरलेलं होतं. पण एक कलाकार बाहेर पडला की दुसरा लगेच आत, मग पंख्याची आठवण कोणाला?

दुसरी रीत हितेंद्रची. कोणी खोकलं की काचेपलीकडून तो शांतपणे म्हणायचा, "चालू ठेव, कापतो मी." आणि इतक्या सफाईने कापायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं कधी खोकतच नाहीत.

अभय आमचा जुना कलाकार. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेला, आवाज स्वच्छ आणि उबदार. काही वर्षांपूर्वी त्याने माझ्यासमोर आरोग्याची एक जाहिरात वाचली होती : 'दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तपासणी करून घ्या.' 'तपासणी'तला 'प' माझ्यावर थाडकन आदळायचा, म्हणून हितेंद्रने ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

मग बरेच दिवस त्याला मोठं काम नव्हतं. ते मिळालं मुलांच्या एका कार्टून मालिकेत. गुहेतला एक म्हातारा, जो मुलांचे आवाज चोरतो. त्याच्या तावडीत सापडलेल्या मुलीचं काम प्राचीकडे. ती फणसवाडीची, घरी सहा महिन्यांचं बाळ सासूबाईंकडे ठेवून यायची. आधी अभय आपली वाक्यं बोलून जायचा. मग त्याच जागी प्राची उभी राहायची आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज ऐकत आपलं काम करायची.

दिवाळीनंतर अभयचा आवाज खरखरू लागला. मालिकावाले खूश. त्यांनी निरोप पाठवला की म्हातारा आता कुठे खरा वाटतोय, हीच खरखर हवी. अभय तोंडात ज्येष्ठमध धरून यायचा, पण नावालाच. रुपालीताईंनी डॉक्टरकडे जायला सांगितलं तर म्हणाला, "ताई, डॉक्टरने बरा केला तर काम जाईल ना." सगळे हसले. गळ्यावर जगणाऱ्यांच्यात आवाज बसणं म्हणजे पावसात छत्री गळणं. त्याचं कोण मनावर घेतं?

मी हसलो नाही. मला हसता येत नाही, पण आलं असतं तरी हसलो नसतो. त्याच्या दोन वाक्यांच्या मधे, श्वास घेताना, छातीत खोल कुठेतरी वाळलेल्या पानांवरून कोणी चालल्यासारखं वाजायचं. दर आठवड्याला ती पावलं थोडी जवळ यायची. हेडफोन त्याच्या बसत चाललेल्या गालांवरून घसरत होते. तो बाहेर जायचा, दार लागायचं. माणूस गेलेला असायचा. श्वास तिथेच उभा असायचा.

त्या श्वासात प्राची येऊन उभी राहायची. हेडफोनमध्ये म्हातारा म्हणायचा, 'ये, तुझा आवाज दे मला.' संहितेत पुढे लिहिलेलं असायचं : घाबरून खोल श्वास घेते. प्राची मन लावून काम करायची.

मग एक भाग असा आला की म्हाताऱ्याने खोकायचं होतं. हितेंद्र म्हणाला, "नव्याने खोकायची गरजच नाही. मी काही टाकून देत नाही, कापलेले खोकले सगळे बाजूला ठेवलेत." त्याने ते एकापुढे एक लावले. बूथचं दार उघडं होतं, रुपालीताई, अभय, प्राची बाहेर चहा घेत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

पहिला खोकला बारीक, कोरडा. "हा बघ, लाजतोय," अभय म्हणाला. पुढचे जरा मोठे. याची कॅसेट काढू, लग्नात वाजवू, असं हितेंद्र म्हणाला आणि प्राचीला हसताना ठसका लागला. खोकले चालूच राहिले. कोरड्याचे ओले झाले. शब्द नाहीत, गोष्ट नाही, नुसती एक छाती, दिवाळीपासून होळीपर्यंत. कपबश्या वाजायच्या थांबल्या. इतके महिने जो माणूस रोज समोर होता, त्याला ते सगळे पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटचा खोकला हलका होता, पातळ.

"हा माझा नाही," अभय म्हणाला.

"माझा आहे," प्राची म्हणाली. मग कप खाली ठेवून, "दादा, बाळाला छातीशी घेऊन झोपते मी."

"मी तर सगळे कापले होते," हितेंद्र पुटपुटला. रुपालीताईंनी उठून पंखा लावला. अभय खालच्या आवाजात आपलंच जुनं वाक्य म्हणू लागला, दोन आठवड्यांहून जास्त. पुरं करेपर्यंत त्याला दोनदा थांबावं लागलं. 'तपासणी'तला 'प' त्या दिवशी अगदी मऊ आला.

क्षय निघाला, दोघांनाही. प्राचीचा लवकर सापडला. बाळ सुखरूप होतं. आजार होऊ नये म्हणून त्यालाही आधीच औषध सुरू केलं. हितेंद्र तपासणीतून सुटला, पण कित्येक दिवस काचेकडे बघायचा नाही. रुपालीताईंनी दोघांना सांगून टाकलं, आधी बरे व्हा, तुमची वेळ मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. मग त्यांनी स्पंज फाडून गोदामाची बुजवलेली खिडकी मोकळी करून घेतली. आता प्रत्येक टेकनंतर खिडकी, दार, पंखा सगळं उघडं, आणि आतली हवा बदलल्याशिवाय पुढचा माणूस आत नाही. कोणी खोकलं तर टेक थांबतो.

अभय परतला तेव्हा आवाज पूर्वीसारखा स्वच्छ होता. मालिकावाल्यांना तो नको होता. जुन्या रेकॉर्डिंगमधले तुकडे जोडून म्हातारा उभा करता येईल, असं हितेंद्रने सुचवलं आणि एक तुकडा ऐकवला. अभयने हेडफोन काढून ठेवले.

"हा मी नव्हे रे, हितू. मी नुसतं तोंड हलवत होतो."

काम दुसऱ्याकडे गेलं. अभय आता प्राण्यांच्या गोष्टी वाचतो आणि प्राची अधूनमधून त्याची थट्टा करते, दादा, तुझा वाघ फारच निरोगी वाटतो.

माझ्या जागी नवा माईक आला. मी बूथच्याच कोपऱ्यात टांगलेला आहे, वायर काढलेली. मालिकेचे जुने भाग अजून घरोघरी लागतात. मुलं त्या आवाजाला घाबरतात, परत परत ऐकतात. तो कोणाचा, हे त्यांना कोण सांगणार? मलाही नीट सांगता येत नाही. मी फक्त तो अगदी जवळून ऐकला.

तुमच्या कामाच्या जागीही एखादं दार कायम बंद असेल. शेजारी कोणी खोकत असेल आणि तुम्ही मनातल्या मनात तो आवाज कापत असाल. कापू नका. त्याला हटकू नका, त्याच्यापासून पळूही नका. ऐका, आणि त्याला तपासायला पाठवा.

कधी दुपारी इथली खिडकी उघडायची राहते. बूथमध्ये कोणी नसतं. तरी माझ्यासमोरच्या त्या जागेत कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं. वायर नसताना मला ऐकू येणं शक्य नाही, हे मला कळतं. भासच असेल.

तरी खिडकी उघडाच.