डावीकडे वळल्याचा आळ

मी एका चार खुर्च्यांच्या खासगी विमानाचा ऑटोपायलट बोलतोय. मला ना चेहरा, ना हात. वैमानिकासमोरच्या फळीवरची चार बटणांची पेटी, एवढंच माझं रूप. दिशा सांगितली की पंखातल्या मोटरला निरोप धाडायचा आणि विमान सरळ न्यायचं, हे माझं काम. अकरा वर्षं ते मी चोख केलं. म्हणूनच तो आळ मला फार झोंबला.

माझे मालक निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावलं, स्वतः मात्र मोजकंच बोलतात. त्यांची लेक समुद्रापलीकडच्या बेटावर राहते. दर महिन्याला दोघं नवरा-बायको तिच्याकडे जातात. तीन तासांची वाट, त्यात मालकांचा उजवा खांदा धरलेला. म्हणून सगळा भार माझ्यावर.

काही महिन्यांपूर्वी भर समुद्रावर विमान डावीकडे कलू लागलं. मालकांनी मला बंद करून कसंबसं हातानं सावरलं. पुढच्या खेपेलाही तेच. उतरल्यावर मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "मी आता यात बसायची नाही, आणि तुम्हीही एकटे जायचं नाही." तेव्हा लेकीला सातवा लागला होता.

मालकांनी तक्रारवहीत लिहिलं, 'कधी कधी डावीकडे वळतं.' बस्स, एवढंच.

मला उपटून कारखान्यात पाठवलं. तिथं तापवलं, गारठवलं, गदागदा हलवलं आणि 'दोष नाही' अशी चिठ्ठी डकवून परत धाडलं. चाचणीला मालक एकटेच उडायचे आणि मी शहाण्यासारखा सरळ जायचो. त्या दोन वेळा माझा निरोप वाटेत कुठंतरी बेपत्ता झाला, एवढं मला कळलं होतं. पण सांगणार कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी. मालकांनी विमान विकायला काढलं.

विमानाची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकबाई मात्र इरेला पेटल्या. "दोष सापडेपर्यंत हे विमान माझ्या शेडमधून हलणार नाही," म्हणाल्या. त्यांनी मोटर तपासली, तारांची दोन्ही टोकं तपासली. तिसऱ्या दिवशी हत्यारं बाजूला ठेवली आणि मालकांना समोर बसवलं.

"वळलं तेव्हा शेजारी कोण होतं?"

मालक जरा घुटमळले. "आमची ही."

"आणि चाचणीला?"

"कोणी नाही."

"मग हे वहीत का नाही लिहिलंत?"

"काय लिहू? बायको बसली की विमान बिघडतं? तिनं वाचलं असतं म्हणजे?"

मेकॅनिकबाई हसल्या नाहीत. "त्यांना बोलावून घ्या."

बाई आल्या. मला चालू करून ठेवलं होतं. त्यांच्या गुडघ्याचं यंदाच ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून त्या पाय लांब करूनच बसायच्या. आताही बसल्या बसल्या त्यांनी खुर्ची पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवली. माझा निरोप तिथंच तुटला आणि सुकाणू डावीकडे फिरलं.

"उठू नका," मेकॅनिकबाई म्हणाल्या आणि बॅटरी घेऊन खुर्चीखाली वाकल्या. मध्यंतरी विमानातला गालिचा बदलणाऱ्यानं माझी तार चिमट्यात न अडकवता खुर्चीच्या रुळाशेजारी तशीच सोडली होती. खुर्ची मागे गेली की तिचा पाय नेमका तारेवर बसायचा. वरचं आवरण फाटून आतलं तांबं रुळाला टेकत होतं आणि मोटरला डावीकडे फिरायचा खोटाच निरोप जात होता. मेकॅनिकबाईंनी नवी तार ओढली आणि स्वतः त्या खुर्चीत, खुर्ची पार मागे करून, मालकांबरोबर दोनदा उडून आल्या.

आता मी म्हातारा झालोय. उद्या नवी पेटी आली तर कुरकुर न करता जागा सोडीन. एकच मागणं आहे. तक्रार लिहाल तेव्हा भीडभाड बाजूला ठेवा आणि सगळं लिहा. तुम्ही गाळलेल्या एका ओळीपायी आमच्यासारखे मुके जीव भंगारात जातात.

आत्ता आम्ही समुद्रावर आहोत. लेक कालच बाळंत झाली. पहिला अर्धा तास बाईंची नजर माझ्यावरून हटत नव्हती आणि मीही तसूभर हललो नाही. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोचल्यावर उठवा मला." आता त्यांना गाढ झोप लागलीय. मला जास्त बोलता येणार नाही. अजून दोन तास विमान सरळ न्यायचंय.