झटकलेले कपडे

"कारखान्यात कोणत्या खात्यात होता?" छातीचा फोटो उजेडासमोर धरत डॉक्टरांनी विचारलं.

"पत्रे कापायच्या. सव्वीस वर्षं," पत्रेवाला म्हणाला. गल्लीत त्याला सगळे याच नावाने ओळखत.

"तुम्हाला नाही, यांना विचारतोय."

त्याची बायको तोंडाशी रुमाल धरून खोकत होती. "मी कुठली खात्यात!" ती धाप सावरत म्हणाली. "माझं खातं म्हणजे स्वयंपाक आणि धुणं."

"यांचे कारखान्यातले कपडे कोण धुवायचं?"

पत्रेवाल्याने बायकोकडे पाहिलं. अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर करवत चालली की पांढरी भुकटी उडायची. घरी येईपर्यंत त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. "आले म्हातारबुवा!" म्हणत ती सदरा उतरवून घ्यायची आणि मागच्या दारी कठड्यावर आपटून आपटून झटकायची. घरात कणभर धूळ तिला खपत नसे. कारखान्यात तो तोंडाला फडकं बांधायचा. तिलाही बांध म्हणावं, हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"माझी छाती ठणठणीत आणि हिची ही गत? कसं हो, डॉक्टर?"

"ती पत्र्यांची भुकटी छातीत गेली की कुणाला होईल ते सांगता येत नाही. झालेलं मात्र मागे फिरत नाही. आता जपायचं."

बाहेर बाकावर तो मान खाली घालून बसला. "मीच आणलं घरी."

"पुरे. तुम्हाला ठाऊक होतं का?" तिने दोनदा दम घेतला, मग त्याचं मनगट धरलं. "अहो, मी झटकायला लागले की पोरगी शेजारी येऊन उभी राहायची. बाबाचं पीठ, बाबाचं पीठ, म्हणून टाळ्या पिटायची."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो लेकीच्या दारात हजर झाला. ती शाळेत शिकवायला निघाली होती.

"बाबा, एवढ्या सकाळी? आई बरी आहे ना?"

वाटभर जुळवलेलं बोलणं सोडून त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. "आज रजा टाक. चल माझ्याबरोबर," एवढंच तो म्हणाला. बाकीचं त्याने रस्त्यात सांगितलं, तुटक तुटक, तिच्याकडे न बघता.

दवाखान्यात फोटोच्या खोलीबाहेर तिने कानातलं आणि गळ्यातली साखळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"लगेच येते हं, बाबा," लहान मुलाला समजवावं तसं म्हणून ती आत गेली. दार लागलं.

"श्वास रोखून धरा," आतून आवाज आला.

त्याने मूठ मिटली. साखळी अजून कोमट होती.