भिंतीकडे तोंड केलेला ढोल

मी एक जुना ढोल आहे. माझा घेर अक्रोडाच्या लाकडाचा आणि तोंडे बोकडाच्या कातड्याची. समुद्रापलीकडच्या सफाक्स शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले आणि झुहैर मला बोटीने केरकेना बेटावर घेऊन आला.

झुहैर मासे धरायचा, पण त्याचा जीव माझ्यात होता. त्याचा दोस्त हमादी सनई फुंकायचा. बेटावरचे एकही लग्न आमच्याशिवाय लागत नसे. रुसलेल्या सासूसमोर झुहैर गुडघे टेकून मला बडवत राहायचा आणि ती हसल्याशिवाय उठायचा नाही. एकदा त्याने नवरदेवाच्या बुटात जिवंत ऑक्टोपस ठेवला. नवरदेव त्याच्याशी तीन दिवस बोलला नाही. पण मुलगा झाल्यावर पहिले बोलावणे झुहैरलाच आले.

मग त्याच्या छातीने दगा दिला. अंगणातल्या खाटेवर तो पडून असायचा, मी उशाशी. एका सकाळी तो हमादीला म्हणाला, "आज तू वाजव रे. मी नुसता ऐकतो."

हमादीने शेजारच्या गच्चीवरच्या बायकांकडे पाहिले. आजारपणाच्या घरात ढोल? "उद्या वाजवतो," तो पुटपुटला.

दुपारी झुहैर गेला.

मित्रांनो, त्याच्या बायकोने, मब्रूकाने, मला हमादीकडे दिले. त्याने मला जाळी ठेवायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टांगले, वर गोणपाट टाकले. सनईसुद्धा फुंकली नाही. समुद्रावरून वारा सुटला की माझे कातडे आपोआप घुमायचे. जाळे विणणारा हमादीचा हात थांबायचा. "गप्प बस, झुहैर," तो हलकेच म्हणायचा. मी झुहैर नव्हतो. पण मला ते सांगता येत नव्हते, आणि घुमणे थांबवताही येत नव्हते.

असे दीड वर्ष गेले. एके दिवशी मब्रूका दारात उभी राहिली.

"भाऊजी, गुरुवारी आमच्या रौदाचं लग्न आहे. बापाचा ढोल वाजल्याशिवाय पोरगी उंबरा ओलांडणार नाही म्हणते."

हमादी खाली बघत राहिला. "त्यानं मागितलं होतं, वहिनी. मी उद्या म्हणालो."

"माहीत आहे. दारातच होते मी. तुम्ही वाजवा, असं मीही म्हटलं नाही. लोकांना मीही भ्याले."

हमादीने उठून गोणपाट काढले. उंदरांनी माझ्या दोऱ्या कुरतडल्या होत्या, कातडे ओलसर, सैल पडले होते. त्याने नव्या दोऱ्या ओवल्या आणि दोन दिवस मला उन्हात ठेवले.

लग्नात हमादीने मला गळ्यात अडकवले. त्याचा हात सनईवाल्याचा; ठोका मागे पडायचा. जिथे तो चुकायचा, तिथे झुहैरचा ठोका मला स्पष्ट ऐकू यायचा. तो फक्त मलाच ऐकू येत नसावा, कारण म्हातारी माणसे वळून वळून हमादीच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. रौदा रडत रडत नाचली. हमादी हात सोलवटेपर्यंत वाजवत राहिला, पण त्या रिकाम्या जागेकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे वाद्य मुके होऊन पडले असेल, तर त्याला बाहेर काढा, त्याची धूळ पुसा. आणि आजारी मित्राने काही मागितले, तर लोकांकडे बघू नका. ऊन लागले की कातडे पुन्हा ताठ होते. माणसाचे तसे नसते.