आत्याच्या गाडीची साखळी

डोळे मिटा बघू. समजा, तुम्ही मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसला आहात. हात काळेकुट्ट झालेत, नाकात रॉकेलचा वास भरलाय, आणि कुणीतरी तळहात पुढे करून म्हणतंय, "दहा नंबरचा पाना!"

तुम्ही शोधत बसला असता. भिंगरीनं मात्र क्षणात पाना आत्याच्या हातावर ठेवला.

आत्या नर्स होती. तीस वर्षं ती मोटारसायकलवरून टेकडीपलीकडच्या वस्तीत लस नेत होती, आणि गाडीची सगळी देखभाल घरीच करत होती. तिची हत्यारं दवाखान्यातल्या जुन्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली असत: लहानमोठे पाने, पकड, प्लगपाना, हवा मोजायचा गेज. साखळीला ती सुई काढलेल्या सिरिंजनं तेल घाली, एका कडीला एकच थेंब.

"पेशंटला काय बादलीनं औषध पाजतात?" ती म्हणे.

त्या सकाळी साखळी धुऊन झाली होती, जोडायची राहिली होती. पावणेनऊ वाजले होते. दहा वाजता वस्तीतल्या आया कामावर निघून जात. अकरा बाळं लसीची वाट बघत होती!

भिंगरीचे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, दारात गाडीची चावी बोटावर फिरवत उभे होते.

"ताई, परवा सुईत दोरा ओवायला मला हाक मारलीस. एवढंसं लॉक दिसणार आहे का तुला?"

"कोपऱ्यावरची पाटी वाचून दाखवू? जवळचं तेवढं धूसर दिसतं."

"मग लाव पैज. लॉक नीट बसवलंस तर चावी तुझी. चुकलीस तर आजपासून गाडी मी चालवणार, तू मागं लसीचा डबा धरून बसायचंस."

"तुझ्या मागं? त्यापेक्षा चालत जाईन!"

हे लॉक म्हणजे नखाएवढी पट्टी. साखळीची दोन टोकं तीच धरून ठेवते. तिचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. चाक पुढे फिरताना बंद तोंड आधी जायला हवं. उघडं आधी गेलं तर पट्टी कशाला तरी अडकून उडते, आणि भर उतारावर साखळी सुटते.

आत्या बोटांनी चाचपत होती. भिंगरीनं श्वास रोखला. टक!

"बसलं!" आत्या ओरडली.

भिंगरीनं टाळ्या पिटल्या, आनंदानं चाक फिरवलं आणि ती चटकन लॉकवर वाकली. उघडं तोंड पुढे पळत होतं.

"बाबा, आत्याचं हेल्मेट आत राहिलंय! आणा ना पटकन!"

बाबा आत गेले. भिंगरीनं आत्याचं बोट धरून लॉकवर ठेवलं आणि चाक हळूच पुढे सरकवलं. आत्याचा चेहरा उतरला.

"उजेडासाठी आज उलट्या तोंडानं बसले ना मी, पुढचं मागं झालं," ती पुटपुटली. मग तिनं पकड घेतली, लॉक काढलं, फिरवून पुन्हा बसवलं. भिंगरीनं चाक फिरवलं. आता बंद तोंड पुढे होतं.

बाबा हेल्मेट घेऊन आले. वाकून बघत म्हणाले, "अगदी बरोबर बसवलंस की! जिंकलीस, ताई."

"थांब. आधी उलटं बसवलं होतं मी. भिंगरीनं दाखवलं."

भिंगरीनं डोळे गच्च मिटले. गेली चावी!

"आणि मग नीट कुणी बसवलं?" बाबांनी विचारलं.

"मीच."

बाबांनी क्षणभर बहिणीच्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि चावी तिच्या हातात दिली.

आत्यानं लसीचा डबा मागे बांधला. हेल्मेटचा पट्टा लावता लावता ती म्हणाली, "भिंगरे, पुढच्या वेळेपासून लॉक तू बसवायचंस. मी ट्रेपाशी बसून पाने देईन."

गाडी सुरू झाली तशी भिंगरी धावत सुटली, आणि तिनं फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली.