कप हलवेपर्यंत

आमच्या शाळेच्या पाटीवर आधी 'मतिमंद' होतं, मग 'गतिमंद' झालं, आता 'विशेष' आहे. पाटी रंगवणारा तोच, मुलं तशीच आणि सकाळी फाटक उघडणारी मीही तीच. आमच्या इरबिद शहरात मला सगळे मिस नुहा म्हणतात. हल्ली कुणी नुसतं 'मिस' अशी हाक मारली तरी मला आधी खाली बसावंसं वाटतं.

गुरुवारी शाळा सुटताना हमदानची आई आली. तिला सगळे उम्म वाएल म्हणतात, थोरल्या वाएलची आई.

"मिस, उद्या हमदानला तुमच्याकडे ठेवाल?"

"उद्या शुक्रवार. शाळा बंद."

"म्हणून तर तुमच्या घरी म्हणतेय. रहफला मागणी घालायला जाहा येतेय."

जाहा म्हणजे मुलाकडची वडीलधारी मंडळी. ती दारात येते तेव्हा घरातली फुटकी बशीसुद्धा लपवतात.

"मग बहिणीच्या मागणीला भाऊ नको का?" मी म्हटलं.

"तुमचं काय जातंय बोलायला! गेल्या वेळचं स्थळ याला बघून उठून गेलं. 'रक्तातच असेल' म्हणाले. आता हेही गेलं तर पोरीला काय लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवू?"

मी वाद घातला नाही. अशा आयांशी भांडण्यात माझी उमर गेली, आता दमले. त्या दुष्ट नसतात, हीच तर अडचण आहे.

शुक्रवारच्या नमाजानंतर वाएल त्याला माझ्या दारात सोडून गेला. हमदान चोवीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोमवाला. करडा सूट, केस पाणी लावून चापलेले. मी वाढलेल्या भाताला त्याने हात लावला नाही.

"कॉफी मी ओतणार," तो म्हणाला. "वाएल सांडतो."

आमच्या शाळेत तो एक गोष्ट पक्की शिकला होता. लांब चोचीची कॉफीची किटली, म्हणजे दल्ला, डाव्या हातात, बिनकानाचा कप उजव्यात, कॉफी घोटभरच, आणि वडीलधाऱ्यांना आधी. पाहुणा 'पुरे' म्हणून रिकामा कप हलवत नाही तोवर ओतत राहायचं. शाळा बघायला येणारे साहेब त्याच्या हातची कॉफी घ्यायचे, फोटो काढायचे आणि जायचे.

तेवढ्यात रहफचा फोन आला. "मिस, त्याला घेऊन या. तो नसेल तर मी आतूनच नाही म्हणून कळवेन."

"तुझी आई मला कच्ची खाईल."

"खाऊ दे."

मी गाडीची किल्ली घेतली. धाडस वगैरे काही नव्हतं. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

आम्ही पोचलो तेव्हा पुरुषमंडळी दिवाणखान्यात बसली होती आणि बायका आतल्या खोलीत, लोटलेल्या दाराआड. उम्म वाएलने माझ्याकडे असं पाहिलं की माझी पायरी चढायची हिंमत होईना. हमदान मात्र सरळ दिवाणखान्यात गेला आणि त्याने वाएलच्या हातातली दल्ला काढून घेतली.

मी बायकांच्या खोलीत शिरले. बाहेर कुणी उठलं नाही. उलट एक म्हातारा 'माशाल्लाह' म्हणाला आणि पाय आखडून त्याला वाट करून दिली. दाराच्या फटीतून बघणाऱ्या उम्म वाएलने माझा हात घट्ट धरला.

"काही बोलले नाहीत," ती पुटपुटली. "जग बदललं गं बाई."

हमदानने जाहाच्या म्होरक्याला, हाज शिब्लींना कप दिला. त्यांनी तो न पिता समोर टेबलावर ठेवला. मुलीचा बाप हो म्हणेपर्यंत म्होरक्या कॉफी पीत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हमदानला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही शिकवलंच नव्हतं. तो कधी स्वतःच्या घरच्या जाहात कॉफी ओतेल, हे आम्हा शिकवणाऱ्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"प्या ना, हाज," तो म्हणाला. "गार होतेय."

"बाळा, आमचं एक मागणं आहे. ते मिळाल्याशिवाय पिणार नाही."

"काय पाहिजे?"

"तुझी बहीण."

हमदान विचार करतो तेव्हा त्याचे ओठ हलतात. ते बराच वेळ हलत होते.

"नाही," तो म्हणाला.



"का रे?" हाजनी विचारलं.

"ती गेली की माझ्याशी बोलणार कोण?"

जाहाला नकार दिला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड न पाहणारी घराणी मला माहीत आहेत. आता कुणीतरी उठणार, असं मला वाटलं. पण हाज खो खो हसले, आणि मग सगळेच हसले.

"वा रे पठ्ठ्या! अहो, बरकत आहे ही घराची!" कुणीतरी फोटोसाठी मोबाइल काढला.

हमदानच्या वडिलांनी कपाळ पुसलं. "त्याचं काय मनावर घेता, हाज? त्याला काय कळतंय! प्या तुमची कॉफी. मुलगी दिली."

हाज प्यायले. फातिहा पढून सोयरीक पक्की झाली. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. रहफ तेवढी दाराला कपाळ टेकून उभी होती. उम्म वाएल आनंदाने रडत होती आणि मला तिचा रागही येईना. पूर्वी लोक त्याला बघून उठून जायचे, आता त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्याचं ऐकत तेव्हाही नव्हते.

मिठाईची ताटं बाहेर जात असताना तो दल्ला घेऊन स्वयंपाकघरात माझ्याकडे आला.

"मिस, मी नाही म्हटलं ना?"

"म्हटलंस."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. मी आतून ऐकलं."

"मग?"

इतकी वर्षं मुलांना उत्तरं द्यायला शिकवलं आणि आता मी ओट्यावरचे कप विसळायला घेतले. त्याने एका कपात घोटभर कॉफी ओतून माझ्यापुढे धरली. गार झाली होती, कडू तर असतेच. मी प्यायले आणि रिकामा कप त्याच्यापुढे केला. शिकवल्याप्रमाणे तो माझ्या हाताकडे बघत थांबला.

मी कप हलवला नाही. त्याने पुन्हा ओतली.