टाकीशेजारचा तुकडा

भाजीपाला संशोधन केंद्राच्या साहेबांनी चाचणीसाठी शेताच्या नकाशावर दोनच मोठे चौकोन आखले. डावीकडे कंपनीचं नवं वांगं, उजवीकडे केंद्रातल्याच संशोधक बाईंनी नऊ वर्षं निवडून तयार केलेलं. हरेल ते वाण कायमचं बाद.

"एकेकच तुकडा?" बाईंनी विचारलं.

"मोठा आहे की! पाहुण्यांना लांबून उठून दिसतो."

बाईंचं डोकं फिरलं. पाहुण्यांच्या फोटोपायी नऊ वर्षं मातीत घालायची? त्यांनी गेल्या हंगामाची वजनांची वही टेबलावर आपटली. "हेच दोन तुकडे. डावीकडे चारशे किलो वांगी, उजवीकडे दोनशे ऐंशी. कुठलं वाण ठेवाल?"

"डावीकडचं. शेंबडं पोरही सांगेल."

"दोन्हीकडे एकच वाण होतं, साहेब. एकाच पिशवीतलं बी. डावीकडे टाकीचं पाणी झिरपतं, एवढाच काय तो फरक."

साहेबांनी वही दोनदा चाळली. मग पेन्सिल पुढे सरकवली. "आखा तुम्हीच."

बाईंनी शेताचे सहा पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यात दोन्ही वाणांचा एकेक छोटा तुकडा, डावं-उजवं चिठ्ठी टाकून.

"एवढं करूनही तुमचंच हरलं तर?"

"तर वांगं हरलं म्हणेन. तुमच्या नकाशात टाकी जिंकत होती."